डोक्याला कळतं, हाताला कळत नाही

माणूस गेल्याची बातमी डोक्याला क्षणात कळते. हाताला ती कळत नाही. काही गंमत घडली की हात फोनकडे जातो, नंबर निघतो आणि मग आठवतं. ठरलेल्या वेळी कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज यावा म्हणून कान टवकारलेले असतात. कपड्यांच्या दुकानात त्यांच्या मापाचा शर्ट दिसला की पाय आपोआप थबकतात. असं झालं की लोक घाबरून विचारतात, ‘म्हणजे मी अजून स्वीकारलंच नाही का?’

बरीच वर्षं एखाद्याच्या सोबतीने काढली की तो किती वाजता कुठे असेल, कशावर काय बोलेल, याचे हजारो बारीक अंदाज मनात घट्ट बसतात. एका बातमीने ते पुसले जात नाहीत. एकेक अंदाज प्रत्यक्षात चुकावा लागतो, तोही बहुतेक वेळा पुन्हा पुन्हा. फोनकडे गेलेला हात रिकामा परत आला, हा एक धडा. रिकाम्या खुर्चीकडे नजर गेली आणि ती रिकामीच निघाली, हा दुसरा. स्वीकार म्हणजे अशा धड्यांची बेरीज, आणि ती वाढवण्यासाठी काही गोष्टी जाणीवपूर्वक करता येतात. काळ हेच औषध असं सगळेच सांगतात. पण काळ नुसता गेला आणि धडे चुकवले गेले, तर पाच वर्षांनीही हात तिथेच असतो.

आधी एक गैरसमज बाजूला करू. नकार, संताप, वाटाघाटी, नैराश्य आणि शेवटी स्वीकार, या पाच पायऱ्या मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ साली मांडल्या. त्या ज्यांच्या मुलाखतींतून निघाल्या ते रुग्ण स्वतः मरणाच्या दारात होते. मागे राहिलेले नातेवाईक नव्हते. पुढे त्याच पायऱ्या शोकाला चिकटवल्या गेल्या, आणि आता ‘मला राग आलाच नाही, माझं काही राहून गेलं का’ असं माणसं स्वतःची परीक्षा घेत बसतात. राग येतो कुणाला, कुणाला येत नाही. क्रम कुणाचाच नीट लागत नाही. मानसशास्त्रज्ञ विल्यम वॉर्डन यांनी १९८२ साली केलेली मांडणी हाताशी ठेवायला जास्त बरी. त्यांनी पायऱ्यांऐवजी कामं सांगितली, आणि त्यात वास्तव मान्य करणं हे पहिलं काम आहे. वेदना सोसणं, बदललेल्या जगात वावरायला शिकणं आणि गेलेल्या माणसाशी नातं टिकवत पुढचं जगणं, ही बाकीची. तीही ओळीने होत नाहीत.

दुसरी उपयोगी गोष्ट मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या शोकाच्या अभ्यासकांनी १९९९ साली दाखवून दिली. निरोगी शोक झोक्यासारखा असतो: थोडा वेळ दुःखाकडे, थोडा वेळ रोजच्या कामांकडे. सकाळी ढसाढसा रडून दुपारी विम्याचा फॉर्म भरणारा माणूस कठोर नसतो. तो झोका घेत असतो. अडचण होते ती झोका एका टोकाला अडकला की.

पहिले काही आठवडे मात्र झोका वगैरे विसरा. तेव्हा सांभाळायचं ते शरीर. १९४२ साली बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबच्या आगीत ४९२ माणसं गेली. त्यातून वाचलेल्यांना आणि मृतांच्या नातेवाइकांना तपासून मानसोपचारतज्ज्ञ एरिक लिंडेमन यांनी १९४४ साली तीव्र शोकाचं जे वर्णन केलं ते आजही तंतोतंत लागू पडतं. घशात आवंढा, सारखे उसासे, पोटात खड्डा, अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटणं; आणि हे सगळं लाटांनी येतं, एकेक लाट साधारण वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत. हा आकडा माहीत असणं फार कामाचं आहे, कारण लाटेच्या आत असताना ती कधीच ओसरणार नाही असंच वाटतं. लाट आली की बसा, पाय जमिनीला टेकवा, घड्याळात पाहून वेळ मनात नोंदवा. श्वास घेताना चार आकडे, सोडताना सहा. रडू आलं तर येऊ द्या. लाट थोपवायची नाही, तिच्यातून बाहेर पडेपर्यंत जागेवर राहायचं. गाडी चालवताना उमाळा आला तर बाजूला थांबा. खरं तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शक्यतो दुसऱ्याला चालवू द्या. डोळे रस्त्यावर असतात, लक्ष नसतं.

छातीत दुखलं तर ‘दुःखामुळे असेल’ म्हणून घरी बसू नका. जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या चोवीस तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीच्या सुमारे २१ पट असल्याचं २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. पुढच्या दिवसांत तो उतरत जातो. ज्यांना आधीच रक्तदाबाच्या, साखरेच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू आहेत त्यांच्या गोळ्या नेमक्या याच दिवसांत चुकतात. घरातल्या एकाने ती जबाबदारी घ्यावी. ‘काय मदत करू’ असं विचारणाऱ्या शेजाऱ्याला द्यायला हे उत्तम काम आहे.

झोपेचं एकच पथ्य पाळा: उठायची वेळ रोज तीच, रात्र कशीही गेली तरी. अंदाजे वीस मिनिटं झोप आली नाही तर अंथरुणातून उठून मंद उजेडात बसा, डोळे जड झाले की परत या. तासन् तास तळमळत पडलं की अंथरूण म्हणजे विचार करायची जागा, असं मनाला शिकवलं जातं. दारूने झोप लागते पण पहाटे तीनला उडते, आणि त्या वेळचा एकटेपणा सर्वांत वाईट. झोपेच्या गोळ्या नातेवाईक आपुलकीने स्वतःच्या डब्यातून काढून देतात, घेऊ नका. इतर मानसिक आजार नसलेल्या शोकग्रस्त माणसाला बेन्झोडायझेपिन गटातली (झोपेसाठी, चिंतेसाठी दिली जाणारी) औषधं देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ सालीच सांगितलं आहे. मात्र आधीपासून अशी गोळी चालू असेल तर ती एकदम तोडू नका. ज्या डॉक्टरांनी सुरू केली त्यांनाच विचारा.

घर विकणं, गाव बदलणं, नोकरी सोडणं, मोठी रक्कम कुणाला देणं किंवा कुठे गुंतवणं, हे निर्णय टाळता येत असतील तर निदान सहा महिने टाळा.

दिवस थोडे स्थिरावले, म्हणजे सहा-आठ आठवड्यांनी, की धड्यांचं काम सुरू करता येतं. पहिलं साधन म्हणजे शोकासाठी राखून ठेवलेली वेळ. रोज किंवा एक दिवसाआड, वीस ते तीस मिनिटं, एकाच जागी. फोटो पाहा, पत्र वाचा, त्यांच्याशी मोठ्याने बोला, काहीच न करता नुसते बसा. वेळ संपल्याचा गजर लावा आणि तो वाजल्यावर लगेच हाताने करायचं एखादं काम ठरवून ठेवा: झाडांना पाणी, कपड्यांच्या घड्या, थोडं चालणं. समजा वेळ संध्याकाळी सहाची ठेवली, तर दिवसभरात मध्येच आठवण दाटून आली की ‘सहा वाजता’ असं तिला सांगायचं. हसू येईल, पण काही दिवसांनी हे जमतं, कारण मनाला सहा वाजता खरोखर दार उघडं मिळतं.

हे फसतं कुठे? पहिली चूक म्हणजे वेळ रात्री झोपण्याआधीची ठेवणं. दुसरी, अंथरुणातच बसणं. तिसरी आणि सर्वांत मोठी, फोनवर फोटो पाहायला घेणं. त्याला शेवट नसतो. वीस मिनिटांचे तीन तास होतात आणि माणूस पार गळून जातो. दहा-बारा फोटो कागदावर छापून एका पाकिटात ठेवा. पाकीट मिटता येतं.

दुसरं साधन जास्त कष्टाचं आहे. काय काय टाळतोय याची यादी करा. तो रस्ता, ते हॉस्पिटल, ते कपाट, त्यांच्या आवडीचं गाणं, त्यांचा मित्र, त्यांचं नाव उच्चारणं. प्रत्येकासमोर शून्य ते शंभर असा आकडा लिहा, किती अवघड वाटतं त्याचा. सुरुवात तीस-चाळीस आकड्यांच्या गोष्टीपासून करायची, आठवड्यातून तीन-चार वेळा, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा. आकडा साधारण निम्म्यावर आला की पुढची. सगळ्यात अवघड गोष्टीने ‘एकदाचं उरकून टाकू’ म्हणणारे पहिल्याच दिवशी मोडतात आणि महिनाभर यादीकडे बघत नाहीत. दुसरी चूक बारीक पण महागात पडणारी: जीव अगदी कासावीस झाला त्याच क्षणी पळ काढणं. मग मनाला इतकंच कळतं की ती जागा धोक्याची आणि पळणं हा उपाय. शिखर ओलांडून थोडं उतरेपर्यंत थांबा, मग निघा. दोन मिनिटं का होईना, उतरतीला.

टाळण्याचा एक प्रकार मात्र टाळण्यासारखा दिसत नाही. खोली होती तशीच ठेवायची, घड्याळ त्याच ठिकाणी, चष्मा उघडा, दिवसातले कित्येक तास फोटोसमोर. वरून ही जवळीक वाटते. आत मात्र चालू असतं ‘गेलेच नाहीत’ हे सांभाळण्याचं काम. वस्तू ठेवणं वाईट नाही. ती वस्तू जागची हलली तर आपलं काय होतं, यावरून ओळखायचं.

वस्तूंचं आवरणं म्हणूनच महत्त्वाचं, आणि ते घाईने नको. नातेवाईक भलं करायला म्हणून एका दुपारी सगळं कपाट रिकामं करतात आणि मग वर्षानुवर्षं ‘तो निळा स्वेटर कुणी दिला’ हा सल राहतो. एका वेळी जास्तीत जास्त दीड तास, सोबत एक माणूस. तो माणूस असा हवा जो सल्ला देणार नाही. आधी खोलीचे फोटो काढा, चारही भिंतींचे, कपाट उघडं ठेवूनही. मग चार खोकी: ठेवायचं, द्यायचं, कागदपत्रं आणि ‘आत्ता ठरत नाही’. चौथं खोकं सर्वांत मोठं घ्या. त्यावर तारीख घाला, सहा महिन्यांनी उघडा. क्रम सोप्याकडून अवघडाकडे: आधी औषधं आणि दाढीचं सामान, मग मोजे-चपला, मग कपडे, आणि हस्ताक्षर व आवाज अगदी शेवटी. वास असलेलं एखादं वस्त्र न धुता घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा. सारखं उघडलं तर वास उडतो, हे आधीच लक्षात घ्या.

मोबाइल नंबर लगेच बंद करू नका. बँक, वीज, विमा, ई-मेल यांचे ओटीपी त्यावरच येतात. ती कामं मार्गी लागेपर्यंत तो चालू हवा. रेकॉर्ड केलेले कॉल, व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप, व्हिडिओ आधी दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवा. फोन बिघडला आणि आवाज कायमचा गेला, हे दुसरं दुःख पूर्णपणे टाळता येण्यासारखं आहे.

आता भाषा. मराठीत ‘ते असतात’ आणि ‘ते होते’ यांच्यात एकच क्रियापद बदलतं, पण पहिल्यांदा ‘होते’ तोंडून निघतं तेव्हा जीभ अडखळते. ती अडखळू द्या, पण वाक्य पुरं करा. ‘वारले’, ‘गेले’, जो शब्द तुमचा असेल तो मोठ्याने म्हणा, आधी एकट्याने, मग एका माणसासमोर. लहान मुलांना मात्र ‘झोपले’ किंवा ‘लांब गेले’ सांगू नका. त्यांना झोपेची भीती बसते किंवा ती वाट पाहत राहतात. शरीर बंद पडलं, ते परत येणार नाहीत, असं साध्या शब्दांत सांगावं. आणि अनोळखी लोकांच्या प्रश्नांची तयारी करून ठेवा. ‘मुलं किती?’, ‘मिस्टर काय करतात?’ हे प्रश्न गाठतातच. दोन उत्तरं पाठ करा, एक ओळीचं आणि एक खरं लांबचं. कुणाला कुठलं द्यायचं हे तुम्ही ठरवायचं. लहान उत्तर दिलं म्हणजे प्रतारणा केली, असं होत नाही.

सर्वांत चिवट असतं ते जर-तर. ‘आदल्या दिवशीच दवाखान्यात नेलं असतं तर.’ कागदाच्या दोन उभ्या भागांत लिहा: डावीकडे त्या तासाला मला काय माहीत होतं, वेळ घालून, उजवीकडे नंतर काय कळलं. बहुतेक सगळे आरोप उजव्या बाजूच्या माहितीवर उभे असतात, आणि ती माहिती त्या वेळी कुणाकडेच नसते. ‘तुझी काही चूक नाही’ हे शंभर वेळा ऐकून जे होत नाही ते या कागदाने पुष्कळदा होतं. कधी कधी मात्र डावीकडेही खरी चूक निघते. हयगय झालेली असते, भांडण अर्धं राहिलेलं असतं. तिथे खोटी समजूत घालू नये. पत्र लिहावं, नेमकी चूक नाव घेऊन लिहावी, माफी मागावी. आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या आवाजात त्याचं उत्तर लिहावं. त्यांना ओळखणारे तुम्हीच आहात, त्यामुळे उत्तर फार मऊही होत नाही आणि फार कठोरही. लेखन दिवसाला पंधरा-वीस मिनिटं, सलग चार दिवस, इतकं पुरे. लिहून झाल्यावर दिवसेंदिवस जास्तच खचायला होत असेल तर थांबा. प्रत्येकाला लेखन मानवतं असं नाही.

वर्षाचा दिवस, वाढदिवस, लग्नाचा दिवस. यांच्याबद्दल एक गोष्ट अनुभवाने पक्की आहे: त्या दिवसापेक्षा आधीचा आठवडा जड जातो. दोन आठवडे आधी ठरवा की त्या दिवशी कुठे, कुणाबरोबर, किती वाजेपर्यंत. एक पर्यायी बेतही ठेवा आणि तो ऐन वेळी बदलायची मुभा घरच्यांकडून आधीच घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळसाठीही काहीतरी नेमून ठेवा, नाहीतर सगळे पांगल्यावरची ती सकाळ फार रिकामी असते.

एकाच घरात दोघांचा शोक सारखा नसतो. एक जण रडतो, दुसरा गळका नळ दुरुस्त करत बसतो, आणि दोघांनाही वाटतं की समोरच्याला काही वाटतच नाही. आठवड्यातून एकदा प्रत्येकी दहा मिनिटं, एकाने बोलायचं, दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही. एवढंच. जास्त लांबवलं की भांडण.

गेलेल्या माणसाची चाहूल लागणं, आवाज ऐकू येणं, याची भीती बाळगू नका. १९७१ साली वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांशी बोलून डेवी रीस या डॉक्टरांनी नोंदवलं की जवळपास निम्म्यांना असा अनुभव येत होता. बहुतेकांनी तो आधी कुणालाच सांगितला नव्हता.

मृत्यूखेरीजचे काही तोटे असे आहेत की जिथे धडे नीट मिळतच नाहीत. बेपत्ता झालेला माणूस, स्मृतिभ्रंशाने आपल्याला ओळखेनासा झालेला जोडीदार, तुटलेलं नातं. पॉलीन बॉस या अभ्यासिकेने याला संदिग्ध तोटा म्हटलं. इथे ‘ते गेले’ हे वाक्य खोटं ठरतं आणि ‘ते आहेत’ हेही पुरतं खरं नसतं. ‘आहेत आणि नाहीतही, आणि मला कदाचित कधीच नक्की कळणार नाही’ हे वाक्य म्हणायला शिकणं हाच तिथला स्वीकार. गर्भपात किंवा लपवून ठेवलेलं प्रेम यांच्या दुःखाला लोक दुःख म्हणूनच मोजत नाहीत; अशांना निदान एक माणूस तरी असा शोधावा लागतो ज्याच्यासमोर ते नाव घेता येईल.

बहुतेकांचा शोक उपचाराशिवाय हळूहळू बसतो, म्हणून सरसकट सगळ्यांना समुपदेशनाला धाडण्याची गरज नाही. साधारण दहातल्या एकाचा मात्र बसत नाही. अशा न बसणाऱ्या शोकाला आजार म्हणायला आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात किमान सहा महिन्यांची मर्यादा आहे, तर डीएसएम-५-टीआर या २०२२ साली आलेल्या मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात प्रौढांसाठी बारा महिन्यांची. इतका काळ लोटूनही रोज, दिवसाचा मोठा भाग तीच ओढ, स्वतःचा एक भाग मेल्यासारखं वाटणं, मृत्यूवर विश्वासच न बसणं, कामधंदा आणि माणसं सुटलेली, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा शोकावर काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जा. यासाठी मानसोपचारतज्ज्ञ कॅथरीन शिअर यांनी बांधलेली सोळा सत्रांची उपचारपद्धती चाचण्यांमध्ये उपयोगी ठरली आहे. वर सांगितलेली टाळण्याची यादी तिच्यातही आहे, आणि गेलेल्या माणसाशी मनातल्या मनात साधलेला संवादही. नैराश्याची औषधं सोबतचं नैराश्य कमी करतात, शोकाची गाठ सोडवत नाहीत. ‘मीही त्यांच्याकडे जावं’ असा विचार पुष्कळांच्या मनात येऊन जातो. पण त्याला वेळ, जागा, साधन असा तपशील चिकटू लागला, किंवा गोळ्या साठवल्या जाऊ लागल्या, तर सहा महिने मोजत बसायचं नाही. त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं, गोळ्या त्याच्या ताब्यात द्यायच्या आणि डॉक्टर गाठायचा.

काम पुढे सरकतंय हे कशावरून ओळखायचं? रडणं कमी झालं यावरून नाही. शेवटच्या दिवसाची हकिगत मध्ये न तुटता सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगता येते. त्यांचे दोषही आठवायला लागतात, आणि आठवले म्हणून अपराधी वाटत नाही. हसू आल्यानंतरची टोचणी पूर्वी तासभर टिकायची, आता मिनिटभरात जाते. आणि मग एखाद्या दिवशी, दीड वर्षाने, हात पुन्हा फोनकडे जातो. हे मागे घसरणं नाही. एखादा जुना अंदाज चुकायचा राहिला होता, तो चुकला.

तो नंबर फोनमधून काढून टाकायचा का, असं लोक हमखास विचारतात. काढायची काही गरज नाही, राहू द्या. फक्त ‘आणीबाणीत यांना कळवा’ या रकान्यात अजून तोच असेल, तर तेवढा आजच बदला. तिथे फोन उचलू शकणाऱ्या माणसाचं नाव हवं.